जनतेचा अध्यक्ष आणि जनतेची सभा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, पैनगंगेच्या खोऱ्यांत, उमरखेड तालुक्यांत ढाणकी हें गांव आहे. मुलूख कापसाचा, बाजार आसपासच्या खेड्यांचा. अनेक वर्षें येथें ग्रामपंचायत होती आणि तिचा प्रमुख सरपंच असे. पुढें वस्ती वाढली. गांव धड खेडें राहिलें नाहीं आणि धड शहरहि झालें नाहीं. अशा मधल्या अवस्थेंतील गांवांसाठीं १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपंचायतीची सोय करून ठेविली आहे. ती सोय ढाणकीस लागू झाली आणि सरपंचाच्या जागीं नगराध्यक्ष आले.

नगरपंचायतीच्या निवडणुकीस आतां येथला मतदार जातो तेव्हां त्यास दोन मतें द्यावयाचीं असतात. एक मत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठीं. असे प्रभाग सतरा. दुसरें मत सबंध गांवाच्या अध्यक्षासाठीं. बोटास शाई लावून तो बाहेर पडतो आणि आपलें काम संपलें असें त्यास वाटतें. वास्तविक त्या घटकेस त्याच्यापुढें राज्यशास्त्रांतील एक जुना आणि अवघड प्रश्न येऊन गेलेला असतो. संस्थेचा प्रमुख सभेनें आपल्यांतून निवडावा, कीं जनतेनें सभेस बाजूस ठेवून परस्पर निवडावा? आणि जनतेनें दोघांसहि निवडलें व पुढें दोघांचें पटलें नाहीं, तर जनतेचा खरा प्रतिनिधि कोण समजावा?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील एका राष्ट्रानें त्याच्या उत्तरासाठीं दोनदां रक्त सांडलें आहे. तें राष्ट्र म्हणजे चिली. एका बाजूस अँडीज पर्वताची भिंत आणि दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर, यांच्यामध्यें चार हजार किलोमीटरांहून अधिक लांब व अतिशय अरुंद असा हा देश पसरलेला आहे. त्याच्या अध्यक्षपदाचा इतिहास ऐकला म्हणजे ढाणकीच्या मतपत्रिकेकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलते.

स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध १८१० च्या सुमारास जी लाट उठली तींत दक्षिण अमेरिकेंतील एकेक मुलूख मोकळा झाला. राजा गेला, पण राजाच्या रिकाम्या आसनावर कोणास बसवावें? उत्तरेकडील संयुक्त संस्थानांचा नमुना डोळ्यांपुढें होता. ठराविक मुदतीचा, निवडून आलेला, अध्यक्ष नांवाचा एक प्रमुख असावा, असें बहुतेक नव्या राष्ट्रांनीं ठरविलें. चिलीमध्यें १८१७ पासून १८२३ पर्यंत बेर्नार्दो ओहिगिन्स यांनीं सर्वोच्च संचालक या नांवानें कारभार पाहिला. अध्यक्ष ही पदवी प्रथम लाभली ती १८२६ सालीं मान्युएल ब्लांको एन्कालादा यांस. नांव बदललें, तरी आसनाची उंची मात्र कायम राहिली. राजाकडून जी अपेक्षा लोक करीत, तीच अध्यक्षाकडून करूं लागले.

कांहीं वर्षें गोंधळांत गेलीं आणि मग १८३३ ची राज्यघटना आली. तिच्यामागें दिएगो पोर्तालेस नांवाच्या एका व्यापारी गृहस्थांचें मन होतें. ते स्वतः अध्यक्ष कधींच झाले नाहींत. पण अध्यक्ष बलवान् असावा, कायद्याचा धाक सर्वत्र बसावा, ही त्यांची धारणा त्या घटनेंत उतरली. अध्यक्षाची मुदत पांच वर्षांची आणि तीस एकदां पुन्हां निवडून येण्याची मुभा. परिणाम असा झाला कीं, १८३१ पासून १८७१ पर्यंतच्या चाळीस वर्षांत प्रिएतो, बुल्नेस, माँत व पेरेस या अवघ्या चौघांनीं प्रत्येकीं दहा वर्षें राज्य केलें. शेजारच्या राष्ट्रांत बंडावर बंडें होत असतां चिली स्थिर राहिलें. स्थैर्य हा या पद्धतीचा पहिला गुण, आणि तो नाकारतां येणार नाहीं. १८७१ सालीं लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास बंदी झाली. त्या दिवसापासून अध्यक्षाचें पारडें हलकें व कायदेमंडळाचें जड होऊं लागलें.

दरम्यान देशाच्या तिजोरींत एकाएकीं पैसा आला. १८७९ पासून चाललेल्या पॅसिफिक युद्धांत पेरू व बोलिव्हिया यांच्याकडून उत्तरेचें वाळवंट चिलीनें जिंकलें. त्या वाळवंटांत नायट्रेटचे साठे होते. शेतीच्या खतासाठीं आणि दारूगोळ्यासाठीं सगळ्या जगास तें हवें होतें. त्याच्या निर्यातीवरील कराचें उत्पन्न राज्यास मिळूं लागलें. जेथें पैसा येतो तेथें तो कोणीं खर्चावयाचा हा वाद येतोच. १८८६ सालीं अध्यक्ष झालेले होसे मान्युएल बाल्मासेदा यांस रेल्वे बांधावयाच्या होत्या, शाळा काढावयाच्या होत्या. कायदेमंडळाचें म्हणणें असें कीं, मंत्री आमच्या विश्वासांतले असले पाहिजेत. नसतील तर आम्ही अंदाजपत्रक मंजूर करणार नाहीं. अध्यक्षांचें म्हणणें असें कीं, मंत्री नेमणें हा घटनेनें अध्यक्षास दिलेला अधिकार होय.

दोन्ही पक्षांच्या हातीं घटनेची एकच प्रत होती, आणि दोघांसहि तींत आपापलें कलम सांपडत होतें. १८९० संपलें, तरी नव्या वर्षाचें अंदाजपत्रक मंजूर झालें नाहीं. तेव्हां जानेवारी १८९१ मध्यें, गेल्या वर्षाचेंच अंदाजपत्रक पुढें चालू राहील, असें बाल्मासेदांनीं जाहीर केलें. हें ऐकतांच आरमारानें कायदेमंडळाची बाजू घेतली आणि पुढाऱ्यांस जहाजावर घेऊन तें उत्तरेकडे निघून गेलें. भूसेना बहुतांशीं अध्यक्षांबरोबर राहिली. सात-आठ महिने चाललेल्या या यादवींत हजारों माणसें मेलीं. ऑगस्टमध्यें काँकाँन व प्लासिया येथील लढायांत अध्यक्षांच्या सैन्याचा मोड झाला. बाल्मासेदा अर्जेंटिनाच्या वकिलातींत आश्रयास राहिले. १८ सप्टेंबर रोजीं त्यांची कायदेशीर मुदत संपली. १९ सप्टेंबरला सकाळीं त्यांनीं स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुदत पुरी होईपर्यंत अध्यक्ष राहावयाचें, हा हट्ट त्यांनीं असा पुरा केला.

विजय कायदेमंडळाचा झाला, पण देशास त्याचें सुख लाभलें नाहीं. पुढील चौतीस वर्षें अध्यक्ष नांवाचे राहिले. मंत्रिमंडळें महिन्यामहिन्यांनीं पडत व नवीं बनत. कोणतेंहि मोठें काम शेवटास जात नसे. खाणकामगारांचे हाल वाढले. त्यांकडे पाहण्यास कोणासच फुरसत नव्हती. म्हणजे पूर्वीं एकाच्या हातीं अतिरेकी सत्ता होती, तर आतां कोणाच्याच हातीं जबाबदारी राहिली नाहीं. १९२० सालीं निवडून आलेले आर्तुरो आलेसांद्री यांनीं या अवस्थेविरुद्ध आवाज उठविला, आणि १९२५ सालीं नवी घटना जनमतानें मंजूर झाली. तिनें मंत्र्यांस कायदेमंडळाच्या अविश्वासांतून सोडविलें, अध्यक्षाची मुदत सहा वर्षें केली आणि मुख्य म्हणजे त्याची निवडणूक मध्यस्थ निर्वाचकांकडून काढून थेट मतदारांच्या हातीं दिली.

येथें एक बारीकशी फट राहून गेली. कोणाहि उमेदवारास निम्म्याहून अधिक मतें मिळालीं नाहींत, तर पहिल्या दोघांतून एकाची निवड कायदेमंडळानें करावी, असें त्या घटनेंत होतें. व्यवहारांत कायदेमंडळ नेहमीं पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारासच निवडीत असे. १९५८ सालीं होर्हे आलेसांद्री हे शेंकडा ३२ हूनहि कमी मतांवर अध्यक्ष झाले, आणि कोणीं फारशी कुरकुर केली नाहीं. अशा रीतीनें शेंकडा साठांहून अधिक मतदारांनीं ज्यास मत दिलें नाहीं, तो माणूस सहा वर्षें सर्वांच्या नांवानें राज्य करूं शकतो, ही गोष्ट नित्याची होऊन बसली.

१९७० ची निवडणूक तिरंगी झाली. कवि पाब्लो नेरुदा यांस कम्युनिस्ट पक्षानें प्रथम आपले उमेदवार केलें होतें. त्यांनीं डॉक्टर साल्वादोर आयेंदे यांच्यासाठीं माघार घेतली. आयेंदे यांची ही चौथी निवडणूक. त्यांस शेंकडा ३६ हून किंचित् अधिक मतें पडलीं, होर्हे आलेसांद्री यांस ३५ च्या आसपास, आणि रादोमिरो तोमिक यांस २८. पहिल्या दोघांतील अंतर चाळीस हजारांच्या आंत होतें. रिवाजाप्रमाणें कायदेमंडळानें २४ ऑक्टोबर रोजीं आयेंदे यांची निवड केली. त्यांचा कार्यक्रम मात्र लहानसहान नव्हता. तांब्याच्या खाणी, बँका, मोठ्या जमिनी, या सर्वांची मालकी बदलावयाची होती. जनतेनें थेट निवडलेला अध्यक्ष या नात्यानें तो पार पाडण्याचा आपणांस अधिकार आहे, असें ते मानीत. कायदेमंडळांत बहुमत विरोधकांचें होतें. आपणांसहि याच जनतेनें निवडलें आहे, हें त्यांचें उत्तर होतें.

दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, आणि तेंच या पेंचाचें मूळ होय. संसदीय राज्यांत असा प्रसंग आला तर सरकार पडतें, किंवा सभा विसर्जित होऊन लोकांकडे पुन्हां जावें लागतें. चिलीच्या घटनेंत यांपैकीं कोणतीच वाट नव्हती. अध्यक्षास सभा विसर्जित करतां येत नव्हती. सभेस अध्यक्षास दूर करावयाचें तर सेनेटांत दोन तृतीयांश मतें हवीं होतीं. मार्च १९७३ च्या निवडणुकींत विरोधकांस शेंकडा ५५ च्या आसपास मतें मिळालीं. म्हणजे अडविण्यास पुरेशीं, पण हटविण्यास अपुरीं. दरम्यान महागाई कळसास पोहोंचली होती, मालमोटारींच्या मालकांनीं वाहतूक बंद पाडली होती आणि परदेशांतील बलाढ्य शक्तीहि आगींत तेल ओतीत होत्या. ऑगस्टमध्यें प्रतिनिधिगृहानें सरकार घटना मोडीत असल्याचा ठराव ८१ विरुद्ध ४७ मतांनीं केला.

कायद्यानें वाट दिली नाहीं, ती बंदुकीनें काढली. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं सैन्यानें राजधानींतील ला मोनेदा या अध्यक्षीय वाड्यावर विमानांतून बाँब टाकले. आयेंदे यांनीं वाडा सोडला नाहीं. त्यांनीं तेथेंच स्वतःच्या हातानें मरण पत्करलें. बाल्मासेदा आणि आयेंदे यांच्यामध्यें ब्याऐंशी वर्षांचें अंतर आहे. महिना एकच, आणि भांडणाचें स्वरूपहि एकच. पुढें जनरल आउगुस्तो पिनोचेत यांचा लष्करी अंमल सतरा वर्षें चालला. तेव्हां तीन हजारांहून अधिक माणसें मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं, असें नंतरच्या अधिकृत चौकशांनीं ठरविलें. ज्या विरोधकांनीं सैन्याकडे आशेनें पाहिलें होतें, त्यांचेंहि कायदेमंडळ पिनोचेत यांनीं बंद केलें. अध्यक्ष आणि सभा यांच्या भांडणांत शेवटीं अध्यक्ष उरला नाहीं आणि सभाहि उरली नाहीं.

या कथेचा दुसरा भाग मात्र आशेचा आहे. पिनोचेत यांच्याच १९८० च्या घटनेंत, आठ वर्षांनीं जनतेस होय किंवा नाहीं विचारावें, असें एक कलम होतें. ५ ऑक्टोबर १९८८ रोजीं तें विचारलें गेलें आणि सुमारें शेंकडा ५६ मतदारांनीं नाहीं म्हटलें. हुकूमशहास तें मानावें लागलें. ११ मार्च १९९० रोजीं पात्रिसियो आयल्विन हे निवडून आलेले अध्यक्ष पदारूढ झाले. चिलीनें १९७० पासूनचा धडा घेतला होता. आतां पहिल्या फेरींत कोणास निम्म्याहून अधिक मतें नसतील, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. निर्णय कायदेमंडळाकडे जात नाहीं, मतदारांकडेच परत येतो. मुदत २००५ च्या दुरुस्तीनें चार वर्षांवर आली. लागोपाठ दोनदां कोणास राहतां येत नाहीं. म्हणून मिशेल बाचेलेत व सेबास्तियान पिन्येरा यांनीं २००६ पासून २०२२ पर्यंत आळीपाळीनें दोन-दोन वेळां तें पद भूषविलें. लोकांस आणखीहि बदल हवे होते. परंतु २०२२ व २०२३ सालीं पुढें आलेले घटनेचे दोन्ही मसुदे त्यांनींच मतदानानें नाकारले. एक मसुदा डावीकडे झुकलेला, दुसरा उजवीकडे. कोणत्याहि एका पक्षाच्या हातीं सगळी किल्ली द्यावयाची नाहीं, एवढें शहाणपण त्या लोकांनीं फार मोठी किंमत देऊन मिळविलें होतें.

भारताची घटना घडत होती तेव्हां हाच प्रश्न दिल्लीच्या घटनासमितीपुढें होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं तो अगदीं नेमक्या शब्दांत ठेविला. लोकशाही कारभारास स्थैर्य हवें आणि जबाबदारीहि हवी. दोन्ही सारख्या प्रमाणांत देणारी पद्धति अद्याप कोणास साधलेली नाहीं. अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य अधिक, कारण अध्यक्षाची मुदत ठरलेली. संसदीय पद्धतींत जबाबदारी अधिक, कारण सरकारची झडती निवडणुकीपुरती नव्हे, तर रोज घेतली जाते. प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. भारतासारख्या देशांत रोजच्या झडतीची गरज अधिक आहे, या विचारानें मसुद्यानें दुसरी बाजू पत्करली, असें त्यांनीं सांगितलें. प्राध्यापक के. टी. शहा यांनीं राष्ट्रपति प्रौढ मतदानानें थेट निवडावा अशी दुरुस्ती आणली होती. ती मान्य झाली नाहीं. खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हातीं ठेवावयाची आणि राष्ट्रपतीस मात्र कोट्यवधि मतांचें बळ द्यावयाचें, यांत विसंगति आहे, अशी पंडित नेहरूंची भूमिका होती.

मराठी श्रोत्यांस ही व्यवस्था परकी वाटण्याचें कारण नाहीं. साताऱ्यास छत्रपति आणि पुण्यास पेशवे; एकाच्या नांवानें आणि दुसऱ्याच्या हातानें राज्य चालल्याचें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, कीं पेशव्यांस जाब विचारणारी लोकनियुक्त सभा तेव्हां नव्हती. आज ढाणकीचा मतदार राष्ट्रपतीस स्वतः निवडीत नाहीं. त्याच्या वतीनें उमरखेडचे आमदार आणि हिंगोलीचे खासदार मत देतात. २०२२ च्या राष्ट्रपतिनिवडणुकींत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचें मूल्य १७५ होतें आणि खासदाराच्या मताचें ७००. याच पद्धतीनें २००७ सालीं जळगांव जिल्ह्यांतील प्रतिभाताई पाटील या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपति झाल्या.

तरी थेट अध्यक्षाचें आकर्षण मावळलें नाहीं. विदर्भांतूनच लोकसभेंत गेलेले वसंतराव साठे यांनीं अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार वर्षानुवर्षें केला आणि १९८९ सालीं त्यावर इंग्रजींत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचें नांवच ‘एका म्यानांत दोन तलवारी’ अशा अर्थाचें होतें. पक्षांतरें, बुजबुजलेलीं मंत्रिमंडळें, आमदारांची पळवापळवी पाहून कंटाळलेल्या नागरिकास अशा विचारांत तथ्य वाटतें, आणि तें वाटणें स्वाभाविकहि आहे. परंतु चिलीचा दाखला असें सांगतो कीं, अध्यक्ष आणि सभा हीं दोन्ही जेव्हां स्वतंत्रपणें निवडून येतात, तेव्हांहि म्यानांत दोन तलवारी राहूं शकतात. फक्त त्यांच्या मुठी बदलतात.

दिल्लीनें जो मार्ग घेतला नाहीं, तो महाराष्ट्राच्या गांवांत मात्र आला. २०१६ सालीं नगरपरिषदांचे अध्यक्ष थेट जनतेंतून निवडण्याचा कायदा झाला; तोच मार्ग पुढें नगरपंचायतींसहि लागला. २०१७ सालीं सरपंचहि थेट निवडले जाऊं लागले. २०१९ सालीं राज्यांतील सरकार बदललें आणि २०२० सालीं दोन्ही निवडणुका पुन्हां सदस्यांकडे गेल्या. २०२२ सालीं सरकार पुन्हां बदललें आणि थेट निवडणूक परत आली. डिसेंबर २०२५ मध्यें नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या निवडणुका त्याच पद्धतीनें झाल्या. सहा वर्षांत तीनदां नियम बदलला. प्रत्येक वेळीं जनतेचेंच नांव पुढें करण्यांत आलें. पण यांपैकीं कोणती पद्धति हवी हें जनतेस स्वतंत्रपणें कधींच विचारलें गेलें नाहीं. चिलीनें ज्या प्रश्नावर पुनःपुन्हां जनमत घेतलें, त्याचा निकाल येथें सत्तेवर कोण आहे यावरून लागत गेला.

दोन्ही बाजूंस बोलण्यासारखें पुष्कळ आहे. अध्यक्षाची निवड सदस्यांच्या हातीं असली म्हणजे सतरांतले नऊ जण जुळविणें एवढेंच काम उरतें. निवडीच्या आधीं सदस्यांस दूरच्या गांवीं नेऊन ठेवावयाचें आणि मतदानाच्या दिवशीं गाडींतून आणावयाचें, हा प्रकार महाराष्ट्रांत कोणास नवा नाहीं. थेट निवडणुकीनें हा बाजार मोठ्या प्रमाणांत बसतो. सबंध गांवापुढें उभा राहून मत मागणाऱ्या माणसास एका प्रभागापुरता विचार करून भागत नाहीं. उलट पक्षीं, थेट अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभेंतील बहुमत दुसऱ्याचें असें झालें, म्हणजे सांतियागोचें भांडण लहान आकारांत गांवांत उतरतें. अध्यक्ष सभा बोलावितात, विषय मांडतात. पण अंदाजपत्रक आणि ठराव सभेच्या बहुमतावांचून पुढें सरकत नाहींत. येथें विमानें येत नाहींत, हें खरें; पण पाइपलाइनचा ठराव लांबणीवर पडतो, गटाराचें काम अर्धवट राहतें, तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि मुख्याधिकारी म्हणून आलेला सरकारी नोकर दोन्हीकडचे निरोप सांभाळीत बसतो. उन्हाळ्यांत नळास पाणी येत नाहीं तेव्हां अध्यक्ष सभेकडे बोट दाखवितात, आणि सभा अध्यक्षांकडे. ज्यानें दोघांसहि मत दिलें तो मतदार घागर घेऊन उभा असतो.

यावर उपाय नाहींत असें नव्हे, आणि ते चिलीच्या इतिहासांतूनच सुचतात. पहिला उपाय, प्रमुख खऱ्या बहुमताचा असावा. गांवाच्या निवडणुकींत पांच-सहा उमेदवार उभे राहतात आणि ज्याचीं मतें सर्वांत अधिक तो निवडून येतो. तीं मतें एकूण मतांच्या तिसऱ्या हिश्शाइतकींहि नसतील. चिलीनें दुसरी फेरी आणून ही उणीव भरून काढली. महाराष्ट्रांत तिचा विचार अद्याप व्हावयाचा आहे. दुसरा उपाय, मुदतीपूर्वीं वाद मिटविण्याची एक कायदेशीर वाट हवी, आणि ती मतदारांकडे जाणारी हवी. थेट सरपंचाच्या कायद्यांत अशी वाट ठेविलेली आहे. पहिल्या दोन वर्षांत अविश्वास आणतां येत नाहीं. पुढें तो तीन चतुर्थांश सदस्यांनीं मंजूर केला, तरी विशेष ग्रामसभेंत गुप्त मतदानानें त्यास मान्यता मिळावी लागते. ज्यांनीं बसविलें त्यांनींच उठवावें, असा हा सरळ न्याय आहे. १९७३ सालीं चिलीजवळ एवढें एक कलम असतें, तर त्या देशाचा इतिहास कदाचित् निराळा झाला असता. नगरपंचायत झाली म्हणजे ग्रामसभा मागें राहते. तेव्हां अशा वाटेची उणीव ढाणकीसारख्या गांवास अधिक भासावी.

तिसरा उपाय कायद्याचा नाहीं, मतदाराचा आहे. आंबेडकरांनीं जी रोजची झडती म्हटली ती दिल्लींत खासदार घेतात. थेट अध्यक्षाच्या गांवांत ती घेण्याचें काम बव्हंशीं नागरिकांवर येऊन पडतें. कारण अध्यक्षाची मुदत पक्की आहे आणि सभेचा धाक अपुरा आहे. अंदाजपत्रकांत काय होतें, कोणता ठराव कोणीं अडविला, कोणतें काम कोणास दिलें, हें विचारण्याचा हक्क २००५ च्या माहितीच्या अधिकारानें प्रत्येकास दिलेला आहे. एक अर्ज आणि थोडी चिकाटी एवढेंच त्यास लागतें. असे अर्ज करणारीं चार माणसें गांवांत असलीं, तर अध्यक्ष आणि सभा या दोघांसहि आपापलें बोट दुसऱ्याकडे दाखवितांना विचार करावा लागतो.

ढाणकीच्या मतदाराच्या हातीं दोन मतें आहेत. तो बहुधा पहिलें मत नात्यास देतो आणि दुसरें वाऱ्यास. प्रभागांत ओळखीचा माणूस आणि अध्यक्षपदासाठीं त्या वर्षीं ज्याचा जोर तो. दोन्ही मतें एकाच कारभारासाठीं आहेत, या दोन माणसांस पांच वर्षें एका टेबलाशीं बसावयाचें आहे, हा विचार मतदानाच्या खोलींत शिरण्यापूर्वीं त्याच्या मनांत आला पाहिजे. अध्यक्ष म्हणून उभा असलेला माणूस विरोधी सभेशीं बोलणी करूं शकेल काय, आणि नगरसेवक म्हणून उभा असलेला माणूस विरोधी अध्यक्षाच्या चांगल्या ठरावास हात वर करील काय, हे दोन प्रश्न प्रचारासाठीं दारीं आलेल्या प्रत्येकास उंबऱ्यावरच विचारतां येतात. बाल्मासेदा आणि आयेंदे या दोघांसहि जनतेचें प्रेम थोडेंबहुत लाभलें होतें, आणि त्यांच्या विरोधकांसहि मतें मिळालीं होतीं. कमी पडली ती दोघांस एकत्र बसविणारी वाट. ती वाट राजधानींत कायद्यानें बांधावी लागते. पैनगंगेच्या कांठच्या गांवांत ती, निदान तूर्त, मतदारांनींच बांधावयाची आहे.